चौथ्या नंबरवर पंखा

शेडबाहेर उणे एकतीस. आत लाकडाची शेगडी,
आणि तिच्या उबेला उभी आमची शहाऐंशीची फोर्ड,
सीट उपसलेली, दारांचं अस्तर सोललेलं,
दवाखान्यात कपडे उतरवून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी
जरा ओशाळलेली.

छताचं कापड लोंबून ओरेस्टच्या टोपीला लागायचं.
पंधरा वर्षं मी त्याला टाचण्या मारत आले.
आज ओढलं, तर कुजका फोम भुरुभुरु खाली,
केसांत, भुवयांत, चहाच्या मगात.
"लग्नात गहू उधळला होता, तसं," तो म्हणाला.
मी म्हटलं, "गहू बरा होता."

सीटखाली सूर्यफुलाची टरफलं,
धान्याच्या एलिव्हेटरच्या पावत्या
(तो एलिव्हेटर पाडला, त्यालाही अकरा वर्षं झाली),
आणि दहा नंबरचा सॉकेट, ज्याच्यापायी
अख्खा उन्हाळा तो कुझिकशी बोलला नव्हता.
पुसला, खिशात टाकला.
कुझिकला फोन काही केला नाही.

गालिच्याखाली पत्रा, पत्र्याला दोन भोकं,
भोकांतून जमीन.
त्याने ठिगळं वेल्ड केली.
मी यॉर्कटनहून आणलेली, आवाज गिळणारी
काळी चिकट चादर अंथरली,
डॅशबोर्डखालून थेट मागच्या काचेपर्यंत,
आणि पिरोगीच्या लाटण्याने लाटत गेले,
बुडबुडा राहू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात गुडघ्यांवर.
लाटणं आता शेडचंच झालं.

हीटरचा गाभा नवा. तो गोडूस वास गेला.
सीटला नवा फोम, तपकिरी कापड,
पक्कडीने एकेक कडी आवळताना माझी दोन नखं गेली.
ड्रायव्हरच्या बाजूला त्याच्या आकाराचा खड्डा होता,
तो भरून निघाला.
बसून पाहिलं त्याने, दोन इंच उंच झालेला,
आणि म्हणाला, "कुणा दुसऱ्याची वाटते."

रविवारी कॅनोराच्या रस्त्याला लागलो.
ऐंशीचा वेग, आणि आत
काहीच नाही.
दार खडखडेना, काच थरथरेना.
सस्कॅचवानचा वारासुद्धा बाहेरच्या बाहेर.
मला त्याचा श्वास ऐकू आला,
त्याच्या नाकात बारीक शिट्टी वाजते, हे मला माहीत नव्हतं.

अडतीस वर्षं आम्ही या डब्यात ओरडून बोललो.
गव्हाचा भाव ओरडून, टारासचे गणिताचे मार्क ओरडून,
माझी आई गेली, तेही ओरडून,
दोनदा, कारण पहिल्यांदा मी "काय?" म्हटलं.
ते "काय?" फार उपयोगाचं होतं.
ज्याला उत्तर द्यायचं नसे, त्याला "काय?"
मग तो हात झटकायचा: जाऊ दे.

कापणी संपली त्या संध्याकाळी तो म्हणाला होता,
पारंचुकचा पोरगा जमीन घ्यायला तयार आहे.
मी म्हटलं, "काय?"
त्याने हात झटकला.

आता त्याने घसा खाकरला.
मी बाहेर बघितलं. बर्फ, कुंपण, बर्फ.
ऐकलं नाही म्हणायची सोय
मी स्वतःच्या हाताने, लाटण्याने, बुजवून टाकली होती.
म्हणजे, अगदीच नाही. ग्लोव्ह बॉक्समधून बारीक
टिक, टिक.

"एक स्क्रू राहिला वाटतं."
राहिला नव्हता. मी ठेवला होता.

त्याने हात पुढे केला. वाटलं, झाकण दाबून धरेल.
त्याने पंखा चौथ्या नंबरवर टाकला.
घोंघों करत गरम वारा सुटला, दोघांच्या तोंडावर,
आणि त्या आवाजात, नेहमीसारखा, रस्त्याकडे बघत
तो ओरडला,
"ल्युबा! जमीन देऊन टाकायची का?"

मी गुडघ्यावरचा फोमचा कण झटकला.
"किती देतोय तो?"
ओरडूनच विचारलं.